ट्रेन सिम्युलेटरसाठी नवा संगणक : निवडीपासून जोडणीपर्यंत

ट्रेन सिम्युलेटरसाठी संगणक घ्यायचा आहे असे सांगितले की दुकानात बहुधा पहिला प्रश्न येतो तो ग्राफिक्स कार्डाचा, आणि अंदाजपत्रकातली निम्मी रक्कम तिथेच संपते. मारधाडीच्या खेळांसाठी ही पद्धत बरोबर असेलही, परंतु आगगाडीच्या खेळाचे गणित निराळे आहे. सांगलीत मी माझा पहिला संगणक याच चुकीच्या क्रमाने वाढवला होता. जुना प्रोसेसर तसाच ठेवून त्यावर बऱ्यापैकी महागडे ग्राफिक्स कार्ड बसवले, आणि उघड्या माळरानावर छान पळणारी गाडी मोठ्या जंक्शनच्या यार्डात शिरताच पूर्वीइतकीच अडखळू लागली. चित्राची गती सेकंदाला अठरा फ्रेमवर आली होती. कार्ड बदलण्याआधीही ती अठराच होती. त्या दिवसापासून संगणक निवडताना मी एकच कसोटी लावतो : सगळ्यात कठीण मिनिटाला हे यंत्र तग धरेल का? तिकिटाच्या खिडकीपासून होम सिग्नलपर्यंत सगळे एकाच दृश्यात मावणारे यार्ड, शेजारच्या रुळांवर उभ्या गाड्या आणि आपल्यामागे लांबलचक मालगाडी, हे ते मिनिट होय.

यार्डच का जड जाते, हे आधी समजून घेतले तर पुढची सगळी खरेदी सोपी होते. मिरजेसारखे जंक्शन डोळ्यांसमोर आणा. पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चारही दिशांचे रूळ तिथे एकत्र येतात. सांधे, सिग्नल, खांब, तारा, फलाटावरचे बाक, उभे डबे अशा हजारो वस्तू एकाच वेळी दिसत असतात. यांतली प्रत्येक वस्तू काढण्याची सूचना ग्राफिक्स कार्डाला प्रोसेसरच देतो. त्याच वेळी ५८ वाघिणींची मालगाडी असेल तर प्रत्येक कपलिंगवरचा ताण, प्रत्येक वाघिणीतील ब्रेकचा दाब आणि चढावरचे घर्षण यांचाही हिशेब प्रोसेसरकडेच असतो. यातले बरेचसे काम एकामागून एक करावे लागत असल्याने ते अनेक कोअरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागांत, नीट वाटता येत नाही. म्हणून एक कोअर पूर्ण भरतो, बाकीचे बसून राहतात, आणि कार्ड सूचनांची वाट पाहत थांबते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये अशा वेळी प्रोसेसरचा एकूण वापर वीस-पंचवीस टक्केच दिसतो आणि प्रोसेसर रिकामाच आहे असे समजून माणूस फसतो.

आधी खेळ ठरवा, मग यंत्र

सर्व ट्रेन सिम्युलेटर संगणकाकडून सारखेच काम मागत नाहीत. मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आला. इंग्लंडमधील सेटल ते कार्लाईल, ऑस्ट्रियातील इन्सब्रुक ते सेंट अँटन असे सहा मार्ग त्यात होते, आणि त्याच्यासाठी जगभरच्या हौशी मंडळींनी पुढे असंख्य मार्ग व इंजिने तयार केली. हा सारा संग्रह आज ओपन रेल्स या मोफत आणि मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो. भारतीय इंजिने, आपले निळे डबे, डब्ल्यूडीएम-३ए किंवा डब्ल्यूएपी-४ चालवण्याची ज्याला ओढ आहे त्याचा मार्ग बहुधा इथूनच जातो, आणि सुदैवाने याची भूक सर्वांत कमी आहे. ओपन रेल्सचे काम प्रामुख्याने चार भागांत विभागलेले असते : चित्र काढणे, गाड्यांची स्थिती मोजणे, पुढचा प्रदेश डिस्कवरून उचलणे आणि आवाज. म्हणून इथे चार वेगवान कोअर हे आठ मंद कोअरपेक्षा चांगले.

ट्रेन सिम्युलेटर क्लासिक हा दुसरा प्रकार. त्याचा पाया जुना असून बराचसा भार एका कोअरवर पडतो. २०१८ सालापर्यंत तो ३२ बिटचा होता, त्यामुळे कितीही रॅम बसवली तरी खेळाला चार जीबीच्या पलीकडे वापरता येत नसे आणि मोठे मार्ग मध्येच बंद पडत. ६४ बिटची आवृत्ती आल्यावर ती अडचण सरली, एका कोअरची मात्र राहिली. तिसरा प्रकार म्हणजे ट्रेन सिम वर्ल्ड. तो अनरियल इंजिन ४ या खेळ बनवण्याच्या प्रणालीवर उभा आहे. प्रकाश, पाऊस, केबिनच्या काचेवरचे थेंब हे सर्व त्यात देखणे आहे आणि म्हणून चांगले ग्राफिक्स कार्ड खऱ्या अर्थाने इथेच लागते. यांपैकी आपण रोज कोणता खेळणार आहोत, हे कागदावर लिहिल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नये.

प्रोसेसर : इथे हात आखडू नये

निवड करताना कोअरची संख्या पाहण्याआधी एका कोअरचा वेग पाहावा. फक्त ओपन रेल्स चालवायचे असेल तर इंटेलचा कोअर आय३-१२१०० पुरेसा आहे. त्याला चार कोअर आहेत, वेग ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि आतच साधे ग्राफिक्स असल्याने कार्ड नंतर, पैसे जमतील तेव्हा घेता येते. नावापुढे 'एफ' हे अक्षर असेल तर मात्र आतले ग्राफिक्स नसते, आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. मधल्या अंदाजपत्रकात इंटेलचा आय५-१२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ७६०० यांचा विचार करावा. दोघांनाही सहा कोअर आहेत. पहिल्याचा कमाल वेग ४.४ तर दुसऱ्याचा ५.१ गिगाहर्ट्झ आहे. पहिल्यासोबत स्वस्तातली डीडीआर४ रॅम आणि मदरबोर्ड घेता येतो, तर दुसऱ्याला डीडीआर५ लागतेच. तरीही थोडी ओढाताण करून जमत असेल तर मी ७६०० घ्या असेच सांगेन, कारण त्याच्या एएम५ सॉकेटवर, म्हणजे मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या जागेवर, पुढच्या पिढीचे प्रोसेसरही बसतात आणि तीन-चार वर्षांनी मदरबोर्ड न बदलता यंत्राचा दम वाढवता येतो.

ज्यांना खर्चाची फारशी चिंता नाही, त्यांच्यासाठी रायझन ७ ७८००एक्स३डी आहे. त्यात प्रोसेसरच्या अगदी जवळची तात्पुरती स्मृती, म्हणजे एल३ कॅश, ९६ एमबी आहे. साध्या ७६०० मध्ये ती ३२ एमबी असते. यार्डातील हजारो लहान वस्तूंची माहिती वारंवार लागत असल्याने ही मोठी कॅश ट्रेन सिम्युलेटरमध्ये नुसत्या वाढीव गिगाहर्ट्झपेक्षा अधिक उपयोगी पडते.

रॅम आणि डिस्क

ओपन रेल्स आणि क्लासिकसाठी १६ जीबी, ट्रेन सिम वर्ल्डसाठी जमल्यास ३२ जीबी रॅम घ्यावी. महत्त्वाचे हे की १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातला रस्ता दुपदरी होतो. 'पुढे वाढवायला एक जागा मोकळी राहील' हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. तो सद्भावनेने दिलेला असला तरी या खेळांपुरता मानू नये. चार खाचांचा मदरबोर्ड घेतला तर पुढच्या वाढीचा प्रश्नही उरत नाही.

डिस्कच्या बाबतीत एक छोटे गणित करून पाहण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टच्या आणि म्हणून ओपन रेल्सच्याही जगात जमीन २०४८ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागलेली असते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी असा एक चौकोन सुमारे ७४ सेकंदांत ओलांडते. म्हणजे दर सव्वा मिनिटाने पुढच्या चौकोनांची झाडे, घरे, पूल आणि त्यांची चित्रे डिस्कवरून उचलावी लागतात. ती हजारो लहान फायलींत विखुरलेली असतात. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला या विखुरलेल्या फायली गोळा करताना धाप लागते, आणि गाडी ठरावीक अंतराने एक झटका खाऊन पुढे सरकते. पुष्कळ जण हा झटका ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारतात. एनव्हीएमई प्रकारची, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणारी आणि फिरती तबकडी नसलेली, १ टीबीची एसएसडी घेतली की तो जवळजवळ नाहीसा होतो. सर्वांत महागडी घेण्याची गरज नाही. मात्र ती काठोकाठ भरू नये, पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवावा. जुनी हार्डडिस्क फेकू नये, डाउनलोड केलेल्या मार्गांच्या मूळ प्रती ठेवायला ती उत्तम.

ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर एकत्र ठरवा

कार्डाचे काम मॉनिटरच्या रिझोल्यूशनवर, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येवर, ठरते. १९२० गुणिले १०८० च्या साध्या मॉनिटरवर आठ जीबीचे आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० ट्रेन सिम वर्ल्डसुद्धा समाधानकारक चालवते. ओपन रेल्ससाठी चार जीबीचे जीटीएक्स १६५० देखील चालून जाते. मॉनिटर घेताना १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रांच्या, मागे धावण्यापेक्षा रंग नीट दाखवणारे आयपीएस पॅनल आणि कार्डाच्या गतीशी पडद्याची गती जुळवणारी फ्रीसिंकची सोय पाहावी. लोको पायलटच्या जागेवर बसलेल्या माणसाला दूरच्या सिग्नलचा रंग स्पष्ट दिसणे महत्त्वाचे. आणि कधी ७० तर कधी २५ अशा उड्या मारणाऱ्या चित्रापेक्षा ४० वर स्थिर असलेले चित्र डोळ्यांना कितीतरी सुखाचे असते.

वीज, ऊन, काजळी आणि पाणी

एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या सर्व भागांना वीज पुरवणारा डबा, हा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा एसएमपीएस कधीही वापरू नये. वर सांगितलेल्या मधल्या यंत्रासाठी ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा आहे. आपल्याकडे वीज जाते-येते, आणि शेतीपंपांच्या भागात दाबही खालीवर होतो. म्हणून यूपीएस हा खर्चात आधीच धरावा. असे यंत्र मॉनिटरसह, पूर्ण भारावर, साधारण २५० वॅट ओढते. ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅट देतो, पण बॅटरी जुनी झाल्यावर तो तोकडा पडतो. १ केव्हीएचा घेतलेला बरा. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा आहे की स्क्वेअर वेव्हचा ते पाहा, कारण अनेक आधुनिक एसएमपीएस स्क्वेअर वेव्हवर कुरकुरतात आणि वीज जाताच यंत्र बंद पडते. अर्थिंगची तपासणी वायरमनकडून एकदा करून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे आणि ते होईपर्यंत यंत्र जोडू नये.

एप्रिल-मे महिन्यांत सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो. त्यामुळे पुढे काचेचे तावदान असलेल्या देखण्या कॅबिनेटऐवजी जाळीदार पुढची बाजू असलेले कॅबिनेट घ्यावे, पुढून हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक पंखा लावावा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जास्त असली की फटींमधून धूळ कमी शिरते. उसाच्या गळीत हंगामात फडात पाचट पेटवले की अंगणात काळी काजळी उतरते, हे सातारा-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. तीच काजळी कॅबिनेटच्या जाळीवरही बसते. त्या चार-पाच महिन्यांत दर पंधरवड्याला जाळी काढून धुवावी, पूर्ण वाळवून मग बसवावी.

आणखी एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी ज्यांच्या घरात आले, त्यांनी आणि नदीकाठच्या सर्वांनीच संगणक जमिनीवर ठेवू नये. टेबलाखालच्या खणात तर नकोच. मार्गांची, बदललेल्या फायलींची आणि सेटिंगची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. मार्ग पुन्हा मिळतात. वर्षभर बसून स्वतः दुरुस्त केलेले सिग्नल मिळत नाहीत.

खरेदी

दुकानदाराकडून लेखी कोटेशन घ्यावे आणि त्यात प्रत्येक भागाचे पूर्ण नाव लिहून मागावे. '१६ जीबी रॅम, ५५० वॅट एसएमपीएस' एवढ्याने भागत नाही. कंपनी, मॉडेल, वेग आणि वॉरंटीची वर्षे हवीत. सांगली-साताऱ्यातले भाव, पुण्याच्या तपकीर गल्लीतले भाव आणि ऑनलाइन भाव तिन्ही पाहावेत, पण फरक हजार-दीड हजाराचाच असेल तर गावातच घ्यावे, कारण एखादा भाग सदोष निघाला की बदलून आणण्याची धावपळ कोण करणार हा प्रश्न खरा आहे. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर भागांचे सिरीयल नंबर असल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत.

जुने घेणाऱ्यांसाठी एक वाक्य पुरेसे नाही, म्हणून थोडे सविस्तर. कार्यालयांतून निघालेले आठव्या पिढीपासून पुढचे आय५ संगणक ओपन रेल्ससाठी उत्तम सौदा ठरतात. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे विंडोज ११ चालेल असेच यंत्र घ्यावे, आणि आठव्या पिढीची अट त्यासाठीच आहे. अशा यंत्रांच्या एसएमपीएसमधून ग्राफिक्स कार्डासाठी वेगळी वायर बहुधा निघत नाही. म्हणून ७५ वॅटच्या आतले, स्लॉटमधूनच वीज घेणारे कार्ड निवडावे, आणि कॅबिनेट बारीक असेल तर कमी उंचीचे. जीटीएक्स १६५० च्या काही आवृत्त्या या दोन्ही अटींत बसतात.

जोडणी

संगणक स्वतः जोडणे अवघड नाही, घाई मात्र नको. लाकडी टेबल, चांगला उजेड आणि टोकाला चुंबक असलेला फुलीचा स्क्रू ड्रायव्हर एवढे पुरे. गालिच्यावर किंवा सतरंजीवर बसू नये, आणि प्रत्येक भाग उचलण्यापूर्वी अर्थिंगला जोडलेल्या एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी.

मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून सुरुवात करावी. सॉकेटची तरफ उचलली की आत केसासारख्या बारीक पिना दिसतात. त्यांना बोट लागता कामा नये. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून प्रोसेसर नुसता ठेवावा, दाबू नये. तरफ खाली आणताना बराच जोर लागतो आणि करकर आवाज येतो, तो स्वाभाविक आहे. त्याच वेळी वरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण आपोआप निघते. ते जपून ठेवावे, वॉरंटीच्या वेळी मदरबोर्ड परत करताना ते लागते. सोबत आलेल्या पंख्याच्या तळाला बहुधा थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा लेप, लावलेलीच असते. नसेल तर मध्यभागी मटाराच्या दाण्याएवढी लावावी आणि पंख्याचे स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळावेत.

चार खाचा असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. एसएसडी तिरकी सरकवून मग खाली दाबून स्क्रू लावावा, आणि तिच्यावर बसणाऱ्या धातूच्या पट्टीखालची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नये. कॅबिनेटमध्ये मदरबोर्ड उतरवण्याआधी त्याखालचे पितळी खुंट बोर्डाच्या छिद्रांशी जुळतात का ते मोजून पाहावे. एखादा जादा खुंट बोर्डाच्या पाठीला टेकला तर शॉर्ट होते. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर दिसायला सारखी पण घडणीने वेगळी असते. त्यांच्यावरील अक्षरे वाचूनच त्या लावाव्यात.

बाजूचे झाकण न लावताच यंत्र सुरू करावे. मॉनिटरची वायर मदरबोर्डात न खोचता ग्राफिक्स कार्डात खोचली आहे ना, हे पाहावे. डीडीआर५ रॅम असलेले एएम५ यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर काही मिनिटे पडदा काळाच राहतो, कारण यंत्र रॅमची ओळख करून घेत असते. अशा वेळी घाबरून स्विच बंद करणारे खूप आहेत. दहा मिनिटे शांतपणे थांबावे. त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारे एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करावे. ते केले नाही तर ६००० च्या वेगाची रॅम ४८०० किंवा त्याहून कमी वेगाने चालत राहते.

चाचणी

विंडोज आणि कार्डाचे ड्रायव्हर घातल्यावर ओपन रेल्स सुरू करून आपल्याजवळच्या सर्वांत दाट यार्डात लांब मालगाडी घेऊन शिरावे. एफ५ दाबले की माहितीचा तक्ता येतो. शिफ्ट धरून एफ५ पुन्हा पुन्हा दाबत गेले की त्याची शेवटची पाने दिसतात आणि तिथे चित्र, स्थिती, डिस्क व आवाज या चारही कामांची टक्केवारी वेगवेगळी लिहिलेली असते. चित्राचे काम शंभराजवळ आणि कार्डाचा वापर टास्क मॅनेजरमध्ये निम्म्याहून कमी असेल, तर अडचण प्रोसेसरची आहे. अशा वेळी दृश्यमर्यादा कमी करावी. दोन किलोमीटरची मर्यादा चार केली की दिसणारे क्षेत्रफळ चौपट होते, हे लक्षात ठेवले तर कोणते सेटिंग आधी उतरवायचे ते कळते. कार्ड शंभरावर असेल तर सावल्या आणि अँटी-एलियासिंग, म्हणजे चित्रातल्या दातेरी कडा गुळगुळीत करणारे सेटिंग, उतरवावे. डिस्कचे काम सतत वर असेल, तर अँटीव्हायरस प्रत्येक फाइल तपासत बसला आहे का ते पाहून, खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेल्या मार्गांचे फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळावे.

हीच फेरी भर दुपारी, पंखा बंद खोलीत, तासभर चालवावी. पुणे-मिरज मार्गावरच्या अदरकीच्या घाटासारखा वळणावळणाचा चढ असलेला मार्ग त्यासाठी उत्तम, कारण तिथे गाडी हळू आणि हिशेब भरपूर असतो. प्रोसेसर ८५ अंशांच्या आत राहिला, चित्राची गती पहिल्या आणि साठाव्या मिनिटाला सारखी दिसली, आणि यूपीएसचा प्लग काढल्यावर यंत्र बंद न पडता चालू राहिले, तर बाजूचे झाकण लावून आणखी अर्धा तास तापमान पाहावे आणि मगच स्क्रू घट्ट करावेत.